आठव्या मजल्यावरून येणारा फोन

ढगूबाई हे नाव ऑफिसातल्यांनी ठेवलेलं, आणि खरं सांगायचं तर शोभलंही. आभाळ भरून आलं की चारचौघं खिडक्या लावत सुटतात. ही बाई लहानपणापासून दार उघडून बाहेर धावणारी. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी पोरीला गच्चीवर नेलं, स्टँडवर कॅमेरा लावला आणि सांगितलं, "शटर उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. वीज आपला फोटो आपणच काढते." झालं! पोर कामातून गेली. पुढे वडील गेले, स्टुडिओ गेला, कॅमेरा तेवढा उरला.

आणि नशिबाची थट्टा बघा, नोकरी लागली ती लाईटच्या ऑफिसात, तक्रारीच्या फोनवर. तळघरातली खोली, चार फोन, एक रजिस्टर, आणि खिडकी म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. वादळ आलं की गावभर लाईट जाणार, फोन खणखणणार, सगळ्यांच्या रजा रद्द. सुट्टी असली तरी ऑफिसची गाडी दारात हजर. म्हणजे आभाळ कडाडणार तेव्हा नेमक्या बाई जमिनीखाली. एक नाही, दोन नाही, एकतीस वर्षं! स्वतः काढलेला विजेचा फोटो एकही नाही. दर रविवारी कॅमेरा पुसून परत कपाटात ठेवायच्या, एवढंच.

मग त्या फोन करणाऱ्यांनाच विचारायच्या, "पत्ता सांगा, मीटर नंबर सांगा... आणि हो, वीज कशी दिसली हो?" लोक खेकसायचे, "बाई, आम्ही इथे अंधारात बसलोय आणि तुम्हाला चौकशा सुचतायत!"

एकच माणूस खेकसला नाही. आठव्या मजल्यावर राहणारे कुणी निवृत्त मास्तर. त्यांनी फळ्यावर काढून दाखवावं तसं सांगितलं, "उजवीकडून निघाली, पाण्याच्या टाकीवर तीन फाटे फुटले, मधला जांभळा." तेव्हापासून वादळ आलं की त्यांचा फोन ठरलेला. घरात लाईट असायची, तक्रार काही नसायची. "घ्या लिहून," म्हणायचे, आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. मिनिटभराचं बोलणं, पण त्या मिनिटासाठी बाईंचा जीव आभाळाकडे लागलेला असायचा. सहा वर्षं हे चाललं. नाव विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

एका संध्याकाळी नेमके साहेब पाठीशी येऊन उभे राहिले. चारही फोन बोंबलत होते. मास्तर म्हणाले, "बाई, आज तर कमालच..." आणि बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तक्रार नसेल तर लाईन अडवू नका."

पलीकडून फक्त "बरं."

पुढच्या वादळात फोन आला नाही. त्यापुढच्यातही नाही. बाईंनी रजिस्टरं उलटीपालटी केली. पण मास्तरांच्या पहिल्या तक्रारीचं रजिस्टर कधीच रद्दीत गेलेलं, आणि उरलेल्यांत लिहायचा तो तक्रारीचा पत्ता. ज्याची तक्रारच नाही, त्याचा पत्ता कोण लिहून ठेवणार? दर वेळी फोन उचलताना वाटायचं, मास्तर असतील. नसायचे. असं करता करता त्या निवृत्त झाल्या.

त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात दिवेलागणीला वादळ आलं. बाई कॅमेरा घेऊन गच्चीच्या जिन्यावर पोचल्या. गुडघे कुरकुरले, त्यांना विचारतंय कोण! दारात स्टँड लावला, शटर उघडलं, वाट बघितली. आणि आली! टाकीपासून थेट पुलापर्यंत, लख्ख, अख्खी. बाईंनी शटर मिटलं. आधी हसू आलं, मग डोळे भरले. आता हे सांगायचं कुणाला?

त्यांनी ऑफिसचाच नंबर लावला. नवी मुलगी होती.

"तक्रार बोला."

"तक्रार नाही गं बाळा. वीज सांगायचीय. टाकीवरून निघाली ती..."

"आजी, तक्रार नसेल तर लाईन अडवू नका."

बाईंना राग आला नाही. तिच्या पाठीशी कोण उभं असणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? "बरं," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर त्यांच्या काळजात चर्र झालं.

"अहो मास्तर, पुन्हा एकदा लावायचा होतात की फोन!" त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. "साहेब पाच मिनिटांत गेले होते हो."

मग त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. घड्याळाकडे बघत राहिल्या. पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी पुन्हा नंबर लावला.