परफिडीचं उदाहरण

आमच्या शेजारचे इंग्रजीचे मास्तर पांढुर्ण्याच्या बाजारात सायकलला कधीच कुलूप लावत नसत. मी टोकलं की म्हणत, "इंग्रजीत दगाबाजीला परफिडी म्हणतात. मूळ लॅटिन. विश्वासाच्या वाटेनं केलेला घात. कुलूप तोडून नेली, तर नुसती चोरी. विश्वासानं ठेवलेली नेली, तर परफिडी. तेवढं खाली उतरणं सोपं नाही, भाऊ."

एका बाजाराच्या दिवशी सायकल खरंच गायब झाली. मास्तर खुशीत चहा पीत म्हणाले, "आज उदाहरण भेटून राहिलं."

तासाभरानं एक संत्रेवाला सायकल घेऊन आला. आईला दवाखान्यात सोडायला त्यानं ती नेली होती आणि येताना हवाही भरून आणली होती.

मास्तरांचा चेहरा उतरला. "इतका चांगला शब्द," ते म्हणाले, "पण या गावात वापरायलाच भेटून नाही राहिला."