आईच्या नावाची चिठ्ठी

तिला सगळे दातबाई म्हणायचे. कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं होती. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं यायची. ती प्लास्टरचा साचा पाडायची आणि मेणात एकेक दात बसवायची. तिची कवळी बोचली अशी तक्रार क्वचितच आली.

आधी त्या टेबलावर तिघं होती. एक निवृत्त झाला, एक वैतागून गेली. जागा भरल्याच नाहीत. मालक म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही हो. दुसऱ्याचं काम डॉक्टरांना पसंत पडत नाही."

आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत, हे दातबाईला कळत होतं. तरी ती चढली. सकाळी आठला बसायची ते बारा तासांनी उठायची. सुट्टीच्या दिवशीही 'दोन तासांत येते' म्हणून जायची आणि दिवेलागणीला परतायची. मान आखडली, मेणाचे चटके बसून बोटांची कातडी निबर झाली.

"सोड की," नवरा म्हणायचा. "भागवू कसंतरी."

"सोडून करू काय? दुसरं येतंय काय मला?"

आणि ती डबा भरायला घ्यायची.

तिची आई भावाकडे राहायची, दोन गल्ल्या सोडून. आईच्या तोंडात एक दात उरला नव्हता. "तुझी कवळी मीच करणार, दुसऱ्याकडे जायचं नाही," असं दातबाईनं तिला बजावलं होतं. त्याला वर्ष उलटून गेलं. माप द्यायला आईला डॉक्टरांकडे न्यायचं, तेवढंच राहत होतं. आई सगळं कुस्करून खायची आणि म्हणायची, "चणे आहेत गं घरात. दात तेवढे तुझ्याकडे अडकलेत."

एका मंगळवारी टेबलावर नवी खोकी आली. त्यातल्या एकावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आईचं नाव होतं, वय होतं. डॉक्टर अनोळखी. खाली लाल शाईत 'तातडीचे'.

तिनं वहिनीला फोन लावला.

"आईच म्हणाल्या, तिला सांगू नका," वहिनी म्हणाली. "तिच्यामागे आधीच कामाचा डोंगर आहे म्हणाल्या."

म्हणजे आई परक्या दवाखान्यात रांगेत बसून, वशिल्याशिवाय, पोटच्या पोरीपर्यंत पोचली होती.

दातबाईनं आधीची अकरा खोकी बाजूला सारली आणि आईचा साचा पाडला. मग हात धुऊन मालकांसमोर उभी राहिली.

"मी काम सोडतेय."

सगळं ऐकून मालक हळहळले. "अहो, आधी सांगायचं. एक दिवस सुट्टी दिली असती."

"तो दिवस तर वर्षभर देतच होतात," ती म्हणाली. "उद्या घ्या, उद्या घ्या म्हणून."

नियमाप्रमाणे महिनाभर थांबावं लागलं. त्या महिन्यात तिला नेहमीपेक्षा जास्तच राबवून घेतलं.

कवळी झकास झाली, कुठे बोचत नव्हती. पण आई ती डबीतच ठेवायची. "सवय मोडली गं," म्हणायची. आता दातबाई रोज दुपारी मोकळ्या हातांनी आईजवळ जाऊन बसायची. लेकीचं मन राखायला आई दहा मिनिटं कवळी घालायची आणि हळूच काढून ठेवायची.

मालकांनी तिच्या जागी पंधरा दिवसांत दोघांना नेमलं.

"त्यांचं काम पसंत पडतं का डॉक्टरांना?" नवऱ्यानं विचारलं.

"पडतं म्हणे," ती म्हणाली.