डाव्या स्पीकरमधली खरखर

गाडीचा अल्टरनेटर बाद झालाय, असं मी भाग्यश्रीला ठणकावून सांगितलं तेव्हा ती हसली नाही, हे तिचे उपकार. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईं असा आवाज यायचा. जास्त दाबला की जास्त. माझी बायको उमा त्याला ‘तुमची शिट्टी’ म्हणायची. मी एकतीस वर्षं खालापुरात पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. अशा माणसाला निदान सांगायला मेकॅनिक कशाला लागतो, या तोऱ्यात मी चौक गावात, तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घेऊन गेलो होतो.

तिनं माझं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या सीटखाली हात घालून, अँप्लिफायरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे आवळली होती, तो बोल्ट काढला.

“सर, हितं रंगावरच बोल्ट मारलाय. रंगातून करंट जातो का?” असं म्हणत तिनं सँडपेपरनं रंग खरवडला, रुपयाएवढी जागा चकचकीत केली आणि वायर परत आवळली. कुईं बंद. अल्टरनेटर ठणठणीत होता. मी खिशात हात घालून उगाच टायरकडे बघत उभा राहिलो.

भाग्यश्री माझी विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात तिला छत्तीस मार्क होते, आणि तिच्या वडिलांना शाळेच्या व्हरांड्यात उभं करून मी सांगितलं होतं की विजेचा धडा हिच्या डोक्यावरून जातो, हिला या वाटेला लावू नका. पोरगी शेजारीच उभी होती. पुढे लग्न होऊन ती चौक गावी आली. नवरा ओमकार रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, आणि ही मोहोपाड्यात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात फोन घ्यायला बसली. म्हाताऱ्या दुकानदाराला बारीक टाके दिसेनासे झाले तेव्हा सोल्डरिंगचं काम हिच्या हातात आलं. मग टीव्ही दुरुस्त करून घेणारे लोक कमी झाले आणि दारोदारी गाड्या दिसू लागल्या. आठ वर्षांनी तिनं गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमसाठी स्वतःची शेड टाकली.

शिट्टी बंद झाल्यावरही मी तिकडे जातच राहिलो. निवृत्त माणसाला दुपार फार मोठी असते. तिनं माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं, आणि मी घरी त्याला ‘देखरेख’ असं नाव दिलं.

तिचं काम बघायला मजा येते. स्पीकर मुका झाला तर ती आधी नवीन स्पीकर विकायला काढत नाही. टीव्हीच्या रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घेते आणि त्याच्या दोन वायरी स्पीकरला क्षणभर टेकवते. ‘टप्’ असं वाजलं की स्पीकर जिवंत. एकाच बाजूचा आवाज बिघडला असेल तर डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करते. बिघाड पलीकडे सरकला तर दोष मागे अँप्लिफायरकडे, जागेवरच राहिला तर स्पीकरचा. हीच रीत मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो, पण माझा एकही स्पीकर कधी वाजला नाही.

अडचण होती ती जागेची. शेड बोळाच्या टोकाला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीला ती दिसणार कशी? रस्त्याच्या कडेला, ढाब्याशेजारी, आबाजींचं एक शटर रिकामं पडलं होतं. आबाजी म्हणजे शेती सांभाळून पर्यटकांसाठी नऊ गाड्या चालवणारा माणूस. कर्जत स्टेशनवर पाहुणे उचलायचे आणि फार्महाउसवर सोडायचे, हा त्यांचा धंदा. ते शटर त्यांना गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमवाल्यालाच द्यायचं होतं, आणि पनवेलचा एक दुकानदार हात धुऊन त्यांच्या मागे लागला होता. आबाजी भाग्यश्रीला म्हणाले, “माज्या तीन गाड्या तू कर. दिवाळीपातुर त्यातली एक बी परत आली नाय, तर शटर तुजं.”

त्या दिवसापासून ती आपल्या लहान मुलीला शाळेत सोडून येताना रोज त्या बंद शटरसमोर मिनिटभर थांबायची. हे तिनं मला सांगितलं नाही, मी एकदा एसटीतून पाहिलं.

दिवाळीला आठ दिवस असताना तीनपैकी एक गाडी परत आली.

चालवत होता शुक्रा, आणि शेजारी खुद्द आबाजी. शुक्रा कर्जतकडच्या एका वाडीतला, तिशीतला, अगदी मोजकं बोलणारा ड्रायव्हर. त्याच्या घरातली पगाराची ही पहिलीच नोकरी. गाडीत दोन तक्रारी होत्या. डॅशबोर्डवरचा डावा स्पीकर खरखरत होता, आणि खड्डा आला की सगळंच बंद पडून थोड्या वेळानं आपोआप चालू व्हायचं.

“ह्यानंच फोडला असंल,” आबाजी शुक्राकडे बोट दाखवून म्हणाले. “पावणे म्हणतात आवाज वाढव, हा फुल्ल करतो. तू बघून सांग गं पोरी. तसं असंल तर आजच चावी काढून घेतो याच्याकडनं.”

“नाय ओ शेठ, मी अर्ध्याच्या वर कदी नेत नाय,” शुक्रा म्हणाला. आबाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासात येतो म्हणून ते ढाब्यावर चहाला गेले. शुक्रा बोळात, भिंतीच्या सावलीला जाऊन बसला.

भाग्यश्रीनं सेल टेकवला. ‘टप्’च्या मागोमाग ‘खर्र’. वायरी बदलल्या, तरी खरखर डावीकडेच. मग तिनं मीटर लावलं, तर आकडा चार ओहमच्या आसपास, जसा हवा तसा. नाक जवळ नेऊन तिनं वास घेतला.

“कॉइल जळली नाय, सर. आवाज फुल्ल करून फोडला असता तर जळका वास आला असता. शुक्रा खरं बोलतोय.”

तिनं स्पीकरवरची जाळी उचकटली आणि हात तसाच ठेवून थांबली. मी स्टुलावरून उठून वाकून पाहिलं. स्पीकरच्या काळ्या कागदावर सहा-सात तांदळाचे दाणे पडले होते. कुंकवानं लाल झालेले.

गाणं चालू करून तिनं मीटरची एक सुई अँप्लिफायरच्या काळ्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या उणे टोकाला लावली. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं होतं, आलं दीड व्होल्ट. म्हणजे वायर पत्र्याला नीट चिकटलेलीच नव्हती. तिनं सीटखालचा बोल्ट काढला. खाली गंज, आणि गंजाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग.

ती तिथेच जमिनीवर बसली. “दसरा,” एवढंच म्हणाली.

दसऱ्याला ही गाडी अर्धवट काम झालेली शेडमध्ये उभी होती. तिची सासू चंद्राबाई सकाळी ताट घेऊन आल्या, आणि मीही होतो तेव्हा, शिरा खायला. या बाईंचं मला फार कौतुक. सून लोकांच्या गाड्यांखाली झोपते म्हणून शेजारणीनं नाक मुरडलं, तर “तुझी काय आभाळात झोपते का गं?” असं विचारून तिला गप्प करणाऱ्या या. त्यांनी मनोभावे मीटरला कुंकू लावलं, सोल्डरिंग आयर्नला लावलं आणि मग गाडीकडे वळल्या. डॅशबोर्डची जाळी काढून ठेवलेली होती, तिथे अक्षता टाकल्या. सीटखाली नुकतीच खरवडलेली चकचकीत जागा दिसली. सूनबाई जी जागा एवढी घासूनपुसून ठेवते ती मोठी मानाचीच असणार, असं समजून त्यांनी नेमकं तिथेच ओलं हळदकुंकू लावलं. संध्याकाळी भाग्यश्रीनं घाईघाईत त्यावरच बोल्ट आवळला आणि जाळी बसवून टाकली.

“मी पुसायला पायजे होतं,” ती म्हणाली. “पुसायचं सोडा, मी बघितलं बी नाय.”

आता माझं सांगतो. जन्मभर वर्गात खरेपणावर बोललेला हा मास्तर खाली वाकला आणि कुजबुजला, “दाणे काढून टाक. बोल्ट घासून बसव. आबाजींना म्हण, वायर ढिली झाली होती, आवळली. शुक्राचं नाव घेऊ नकोस, पण आपलंही घेऊ नकोस.”

“आन् खरखर कशानं झाली म्हणू?”

“सांगायचं काहीतरी मोघम.”

“मोघम सांगितलं तर ते त्याच्यावरच घालतील, सर. त्यांनी आधीच ठरवलंय.”

“अगं, शटर जाईल.”

“जाईल,” ती म्हणाली, आणि उठून तिनं ते दाणे एका डबीच्या झाकणात गोळा केले. मला स्वतःची लाज वाटली. साठी उलटल्यावर अशी लाज वाटणं फार वाईट, कारण ती फेडायला वेळ थोडा उरलेला असतो.

आबाजी आले. भाग्यश्रीनं झाकण त्यांच्यासमोर धरलं आणि सगळं सांगितलं, दसऱ्यापासून बोल्टपर्यंत. शुक्राच्या हातून काहीच झालेलं नाही, हे दोनदा सांगितलं. मागच्या दारात चंद्राबाई उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. “आबाजी, म्हातारीची चूक हाय ही, पोरीची नाय.”

“आई, बोल्ट मी आवळला व्हता,” भाग्यश्री म्हणाली.

आबाजींनी झाकणातला एक दाणा चिमटीत धरून उलटसुलट पाहिला. देवाच्या अक्षता, त्यामुळे धड रागावताही येईना. शेवटी म्हणाले, “गाडी नीट करून दे. शटरचं आता काय बोलत नाय मी.”

गाडी तासाभरात नीट झाली. जाताना शुक्रानं स्टिअरिंगवर बसून तिच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी मागे घेतली.

दिवाळी आली. आबाजींचा निरोप आला नाही. पनवेलवाला येऊन शटरची लांबीरुंदी टेपनं मोजून गेला, ते सगळ्या गावानं पाहिलं. मी चार दिवस तिकडे फिरकलो नाही, तोंड दाखवायची सोय नव्हती. उमानं फराळाचा डबा हातात देऊन मला घराबाहेर काढलं तेव्हा गेलो. भाग्यश्री एक जुना स्पीकर खोलून बसली होती. “या सर,” म्हणाली, नेहमीसारखीच. मला ते जास्त लागलं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी बोळात कर्जतची एक गाडी शिरली. तिच्यामागे आणखी एक. दुपारी पळसदरीकडचा एक टेंपोवाला आला. आठवड्याभरात बोळात पाय ठेवायला जागा उरेना, दूधवाला रोज भांडू लागला. मी एका ड्रायव्हरला विचारलं, तुला इथला पत्ता कोणी दिला?

“शुक्रानं,” तो म्हणाला. “स्टँडवर सगळ्यांना सांगितलंय त्यानं. गाडीत काय बी बिघडलं की मालक म्हणतो ड्रायव्हरनं केलं, आनि मेकॅनिक मान डोलावतो. ही बाई नाय डोलावत. सोताची चूक व्हती ती तिनं मालकाच्या तोंडावर सांगितली.”

गाडी मालकाची असते, पण ती कुठल्या दुकानापुढे उभी करायची हे ड्रायव्हर ठरवतो. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती, आणि भाग्यश्रीलाही नव्हती. तिनं काही हिशेब करून खरं सांगितलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी आबाजी आले. गाडी बोळात शिरेना म्हणून हायवेपासून चालत, घाम पुसत.

“माज्याच तीन गाड्या हितं अडकल्यात, आनि मी पायी!” ते ओरडले. मग शेडमध्ये येऊन माझ्याच स्टुलावर बसले. “पनवेलवाल्याला नाय म्हणून सांगितलं मी. तो म्हणतो, माज्या हातनं कदी चूक व्हतच नाय. असल्या माणसाची मला भीती वाटती.”

“पण गाडी परत आली होती,” भाग्यश्री म्हणाली. “अट मोडली.”

“आली व्हती. आनि कशापायी आली ते मला कळलं. त्याच्याकडनं जलमात कळलं नसतं.” त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. “माज्या शुक्रावर मी उगा आळ घेत व्हतो, ते बी कळलं,” हे ते जरा हळू बोलले.

ती रडली. शेडमध्ये, चार ड्रायव्हरांसमोर, मीटर हातात धरून. चंद्राबाई पदरानं तिचं तोंड पुसत स्वतःही रडत होत्या. माझेही डोळे भरून आले, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

आम्ही सगळेच हायवेवर गेलो. शटर वर्षभर बंद होतं, खालची पट्टी गंजून धरलेली, भाग्यश्रीनं जोर लावला तरी हलेना. शुक्रा तोवर कर्जतहून गाडी घेऊन पोचला होता. तो उतरला, एक बाजू त्यानं धरली, एक तिनं, आणि मोठा आवाज करत शटर वर गेलं. आत दोन फाटके टायर आणि ढीगभर धूळ होती.

शुक्रानं गाडी वळवून अगदी दारात आणली.

“काय झालं रं परत?” भाग्यश्रीनं धसकून विचारलं.

“काय नाय, ताई,” तो म्हणाला. “बिघाड नाय. पयली गाडी माजी असावी म्हणून नुसती उभी केली.”