मालनबाईच्या भावाचं शेवंतीचं चक्र

...तर त्या मालनबाईचं सांगत हुते मी, भिंगारच्या बाजारात फुलं इकायची ती. लिव्ह पुढं. बाहत्तरला पाऊस पडला न्हाई, त्याच्या पुढचा उन्हाळा, प्यायाला पानी न्हाई तर फुलं कुठली! अन् तवाच तिचा भाऊ सहादेव गेला. पल्टनीतनं पेन्शनीत आलेला गडी. पल्टनीवाल्यांनी मयतावर ठिवायचं गोल चक्र आनलं, पर कागदी फुलांचं. भिंगारच्या पल्टनीतल्या समद्या मयतांची चक्रं मालननं बांधलेली. निरगुडीच्या फोकाचं कडं, त्याला ओला पेंढा, त्यात खोचून पांढरी शेवंती. अन् सख्खा भाऊ कागदाखाली जायाचा?

शेवंती येती दिवाळीला. उन्हाळ्यात ती एकाच दारात हुती, नागापुरात, तिच्या थोरल्या जावंच्या, आक्काबाईच्या, सांडपान्यावर जगवलेली. शेळ्या खात्यात म्हनून आक्काबाई दुपार कलली की झाडांवर डालगी पालथी घालायची, वर पोती. दुसऱ्या दिशी ऊन चढल्यावर काढायची. झाडांना वाटलं थंडीची मोठी रात आली, फुलली बापडी! पर विहिरीच्या पान्याच्या पाळीवरनं दोघींचा सात वर्सं अबोला.

मालन टांगा करून गेली. अंगनातनंच म्हनली, "बाई, शेवंती द्या. सहादेव गेला."

"गेला तर घरी बसून रड की. सुतकात हाय तू. माझ्या झाडाला शिवलीस तर हात मोडीन."

"मग तुमी खुडा."

"तुझी गडीन हाय व्हय मी? फुलं माझी, अन् मिरवनार तू!"

"मिरवायला लगीन न्हाई, मयत हाय."

"चार मानसांत म्हनायचं, फुलं आक्काबाईची. म्हनशील?"

तिकडं मयत उचलायची थांबली हुती. मालन म्हनली, "म्हनीन."

आक्काबाईनं इळा घेतला, मालनची मानच कापल्यावानी फुलं कापली, अन् लांबनंच तिच्या ओच्यात फेकली.

मालननं तिरडीजवळ बसून चक्र बांधलं, सहादेवाच्या छातीवर ठिवलं. कागदाचं पायाकडं सरकावलं. मग थुकल्यावानी बोलली, "ही फुलं माझ्या जावंची, आक्काबाईची." आक्काबाई काय आली न्हाई. मालननं नाव घेतलं हे तिनं शेवटपत्तर खरं मानलं न्हाई, दोघी मरेस्तवर बोलल्या न्हाईत.

आक्काबाईची सून अजून सांगती, मालननं फुलं लाटली अन् नाव गिळलं. खोटारडी! मी तिथंच हुते, शेजारच्या कडूबाईला खेटून. तू नागापूरला जाशील तवा त्या सुनंला माझा निरोप दे: नाव घेतलं हुतं, मोठ्यानं घेतलं हुतं.