समीकरणांच्या रिकाम्या चौकटी

दहावीच्या सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर यंदा कॉम्प्युटरवरच करीन, असं मी स्टाफरूममध्ये सांगून बसले होते. वर्गमूळ, अपूर्णांक, सगळं रविवारभर बसून टाईप केलं. सोमवारी परीक्षेच्या तासभर आधी गेवराईतल्या झेरॉक्सच्या दुकानात फाईल उघडली, तर प्रत्येक समीकरणाच्या जागी रिकामी चौकट.

“मॅडम, चौकटी लई भारी आल्यात,” दुकानदार म्हणाला, “पण आत काहीच न्हाई.”

मी एक प्रिंट काढली, काळ्या पेनने चौकटी भरल्या आणि तिच्याच झेरॉक्स घेऊन शाळा गाठली. मुख्याध्यापक पेपर पाहून खूश झाले.

“समीकरणं अगदी हातानं लिहिल्यासारखी दिसतात! बाकीच्यांनाही शिकवा.”

शनिवारी मी ते शिकवणार आहे. सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत काळं पेन सगळ्यात वर लिहिलं आहे.