वांग्यांच्या पारड्यातला दगड

बाबा वारले त्या दिवशी मेडशीचा बाजार होता. आई गेली नाही.

एरवी आमच्या मळ्यातली वांगी आई तिथे विकायची आणि बाबा शेजारी बसून विचार करायचे. विचाराला खाद्य मी दिलं होतं. एका पुस्तकातलं जुनं कोडं: चारच वजनं घेऊन एक ते चाळीस किलोंपर्यंत कितीही तोलायचं, तर ती वजनं कोणती?

बाबा जेवताना पोळीचे तुकडे मांडत बसले. मग म्हणाले, "दगडाले तीन जागा असतात. या पारड्यात, त्या पारड्यात, नाही तं खाली. म्हनून दर वजन मागच्याच्या तिप्पट."

एक, तीन, नऊ, सत्तावीस. सत्तावीसचा रोज उचलणार कोण, म्हणून तो सोडला. बाकीचे तीन दगड त्यांनी टाकीने घडवून, तोलून तयार केले. तेरा किलोंपर्यंत तेवढ्यांत भागत होतं. आईला मात्र पटेना, आणि बाबांना तिचंच 'बरोबर हाये' ऐकायचं होतं.

पुढच्या बाजारी एका बाईने दोन किलो वांगी मागितली. बाबांनी एका पारड्यात तीनचा दगड ठेवला, दुसऱ्यात एकचा, आणि त्याच्यावर वांगी टाकून काटा सरळ केला.

"भाऊ, दगडबी इकून राह्यले काय?"

"तीनातून एक गेला, दोन राह्यले."

"गेला कुठं? वांग्यात बसला हाये. काढा त्याले."

बाबांनी काढला. वांग्यांचं पारडं वर गेलं.

"पाहा," बाई मागच्या गिऱ्हाइकांना म्हणाली. "आता भरा."

बाबांनी आणखी किलोभर वांगी टाकली.

घरी येताना आई म्हणाली, "तुमचं गनित असन बरोबर. वांगे माहे होते."

त्यानंतर तिने इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. बाबा मधूनमधून विचारायचे, "पन चुकलं कुठं, थे तं सांग." आई विचारायची, "भाजी वाढू?"

बाबांच्या तेरवीचं वरण शेजारणीकडे शिजणार होतं, म्हणून ती तुरीची डाळ न्यायला आली. दोन किलो हवी होती. काट्याची चार्जिंग उतरलेली. आईने माळ्यावरचा जुना तराजू काढला. एका पारड्यात तीनचा दगड ठेवला. दुसऱ्यात एकचा ठेवून त्याच्यावर डाळ ओतली.

"काकू, दगड दाळीत गेला."

"असू दे," आई म्हणाली. "जागा हाये थे त्याची."

काटा सरळ झाला. तिने दगड काढून पदराने पुसला.

आता काटा चार्ज करून आई बाजारात जाते. तराजू आणि तीन दगड घरी आहेत.