यंतोबाचा फासा

चंद्रिका आठवडाभर बाळीवेशीतल्या एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायची आणि रविवारी दुपारी यंतोबा व्हायची. यंतोबा म्हणजे शास्त्रज्ञ. राहणार जादूच्या राज्यात. तिथं मंत्र पुटपुटला की चूल पेटते, टाळी वाजवली की ढग सरकतो, आणि गाढवंसुद्धा चार शब्द शहाणपणाचे बोलतात. अशा राज्यात मंत्राचं एक अक्षर न येणारा हा एकटाच गडी, पाना-पकड घेऊन यंत्रं बनवत फिरायचा.

हा एक खेळ होता. क्लास रिकामा असला की चौघं तिथल्या टेबलाभोवती बसायचे. बँकेत नोकरीला असलेला मोडनिंबचा सयाजी गोष्ट रचत जायचा, बाकीचे आपापलं पात्र वठवायचे. काही अवघड करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. अपेक्षा चेटकीण होती, शिवू तलवारबहाद्दर. पण सगळे वाट बघायचे ती यंतोबाची. तो आधी स्क्रूड्रायव्हरनं कान खाजवायचा. मग यंत्राला हात लावून तोच हात छातीला लावायचा, डोळे मिटायचा आणि खटका दाबायचा. धडाम! राजाची मिशी जळायची, प्रधान हौदात पडायचा. काळ्याठिक्कर तोंडानं यंतोबा म्हणायचा, “तत्त्व बरोबर हाय, पट्टा सरकला!” शिवू हसून हसून खुर्चीवरून घसरायचा.

फासा मात्र यंतोबासाठी कधी टाकलाच नाही. पहिल्याच रविवारी चंद्रिकानं सांगून टाकलं होतं, “ह्याचं यंत्र चालायचंच नाही. चाललं तर मजा काय?” सयाजीला ते पटलं आणि तसंच चालू राहिलं.

हा यंतोबा सुचला कसा, असं कुणी विचारलं की ती खांदे उडवायची. सुचला कसला! घरातून उचलला होता, कानापासून पट्ट्यापर्यंत.

तिचे वडील निंगप्पा जन्मभर जळालेल्या पंपांच्या मोटारींत नव्या तारा गुंडाळायचं, वायंडिंगचं काम करत आले. आई पार्वतम्मा ऑर्डरीच्या कडक भाकरी करायची. भाकरी थापून थापून तिचा खांदा भरून यायचा, रात्री कूस बदलताना ती कण्हायची. ते ऐकवेना म्हणून निंगप्पांनी भाकरी थापायचं मशीन बनवायला घेतलं. बनवलंही. तेवढ्यावर थांबते तर बरं होतं, पण समाजाच्या मेळाव्यात ते सगळ्यांना दाखवायची त्यांना हौस आली. मशीनला हात लावून छातीला लावला, डोळे मिटले, खटका दाबला. पिठाचा गोळा उडाला तो थेट पाहुण्यांच्या फेट्यावर. मांडव हसून फुटायची वेळ आली. निंगप्पा माईकसमोर उभं राहून म्हणाले, “तत्त्व बरोबर हाय, पट्टा सरकला.” त्यावर लोक पुन्हा हसले.

चंद्रिका तेव्हा नववीत होती. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव ‘उडती भाकरी’ पडलं. तिला इतकी लाज वाटली की कित्येक दिवस ती वडिलांशी धड बोलली नाही. मशीन मागच्या पडवीत गेलं, त्यावर जुनी चादर पडली. निंगप्पा अधूनमधून तिथं बसून काहीबाही खुडबुड करायचे. कुणी घरी आलं की त्यांचा हात चादरीकडे जायचा. “एकदा लावून दाखवू का?” मग चंद्रिका दातांवर दात दाबून म्हणायची, “अप्पा, पाव्हणे आहेत!” ते चादरीचं टोक नीट खोचून परत यायचे.

पुढं मोठेपणी तिला वाटलं, लोकांनी हसण्याआधी आपणच हसवलं तर ते टोचत नाही. यंतोबाच्या बाबतीत ते खरंही ठरलं. तिला टोचणं थांबलं. दुसऱ्या कुणाला टोचेल, हा विचार तिनं केलाच नाही.

एका रविवारी क्लासला रंग लावणं चाललं होतं, म्हणून डाव तिच्या घरी मांडला. आईवडील अक्कलकोटला बारशाला गेलेले, घर मोकळं. यंतोबानं राणीच्या दरबारात ढग पिळायचं यंत्र आणलं होतं. चंद्रिकाला रंग चढला. तिनं वडिलांचाच स्क्रूड्रायव्हर कानात घातला, टेबलाला हात लावून छातीला लावला, डोळे मिटले, खटका दाबला. यंत्रानं ढगाऐवजी राणीलाच पिळलं. “तत्त्व बरोबर हाय,” ती वडिलांच्या आवाजात ओरडली, “पट्टा सरकला!”

शिवू हसायला लागला, पण अपेक्षाचं हसू मध्येच थांबलं. ती दाराकडे बघत होती.

दारात निंगप्पा उभे होते, चपला हातात घेऊन. बायकोला बारशाला ठेवून ते लवकरच्या एसटीनं परतले होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. काय बोलावं न सुचून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कान खाजवला.

“अरे, यंतोबा!” शिवूच्या तोंडून निघून गेलं.

चंद्रिकाला वाटलं, जमीन फाटावी. स्क्रूड्रायव्हर अजून तिच्या हातातच होता, तो कुठं ठेवावा तेही तिला कळेना.

“कोन यंतोबा?” निंगप्पांनी विचारलं.

शिवूला वाटलं आपण चूक सावरतोय. त्यानं सगळा खेळ उत्साहानं समजावून सांगितला. निंगप्पा पलंगाच्या कडेला बसून लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हंजी शास्त्रज्ञ हाय म्हना की. आन तितं समद्यांना जादू येती?”

“हो काका, गाढवंसुद्धा बोलतात!”

“मग ह्याचं मशीन?”

शिवूनं नुसती नकारार्थी मान हलवली.

“एकदाबी चाललं न्हाय?” निंगप्पांनी मुलीकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “जादूच्या राज्यातबी न्हाय व्हय?”

चंद्रिकानं स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

त्यांनी टेबलावरचा फासा उचलला, उलटसुलट करून पाहिला. “हे टाकून ठरतं न्हवं? मग ह्याला लई वाईट आकडं पडलं असतील.”

सयाजी खिडकीबाहेर बघू लागला. हो म्हणून टाकावं, फाशावर ढकलावं, असं चंद्रिकाच्या मनात येऊन गेलं. पण एवढं सगळं करून वर खोटंही बोलायचं, तेवढं तिच्यानं झालं नाही.

“टाकलाच नाही, अप्पा,” ती म्हणाली. “मीच नको म्हटलं होतं.”

निंगप्पांनी फासा होता तिथं अलगद ठेवला. “टाकून तरी बघायचा की,” ते म्हणाले, आणि पोरांसाठी चहा ठेवायला आत गेले.

चंद्रिका त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी घालणाऱ्या वडिलांची पाठ तिला दिसत होती. मागच्या दारातून पडवीतली चादर दिसत होती. मांडवातली माणसं परकी होती, एकदा हसली आणि घरी गेली. आपण मात्र दर रविवारी हसवलं, आणि त्या छातीला लावलेल्या हातावरसुद्धा हसवलं.

“अप्पा,” ती कशीबशी म्हणाली, “मशीन लावून बघूया का? आत्ता. सगळ्यांसमोर.”

निंगप्पा वळले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी ओला हात धोतराला पुसला, एक पाऊल पडवीकडे टाकलंही. मग बाहेरच्या खोलीतला शिवूचा आवाज त्यांच्या कानावर आला. ते थांबले आणि तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

“नको गं. पाव्हनं हायत की.”